‘नॉर्मल’ रिपोर्ट, पण कोणासाठी?

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारातली वंदना आटोपली की आम्ही चौघे मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसतो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, एक जण लॅबमध्ये रक्त तपासतो, एका मुलीने फार्मसी केली आहे आणि चौथा केवळ अक्षर चांगले म्हणून वहीत नोंदी करतो. वस्तीतले लोक आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन येतात. आम्ही त्यातले कागद तारखेप्रमाणे लावून देतो आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते चिठ्ठीवर लिहून देतो. औषध सांगत नाही. तो आमचा अधिकार नाही.

या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका आजींचा नातू फाइल घेऊन आला. आजींचे वय ७२, वजन ३८ किलो. चाळीस वर्षे मिश्री लावत होत्या, गालाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झाले होते. आता रेडिएशन आणि त्याबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाची केमो, असे ठरले होते. केमोच्या आधी रक्त तपासले होते. कागदावर लिहिले होते: क्रिएटिनिन १.१. शेजारच्या रकान्यात छापलेले होते, नॉर्मल ०.६ ते १.२. नातू म्हणाला, “काउंटरवर विचारलं, ते म्हणाले किडनी नॉर्मल आहे.” आम्हीही तो कागद पाहिला, मान डोलावली आणि फाइलला लावून दिला.

दोन केमो झाल्यावर आजी गळून गेल्या. उलट्या थांबेनात, पायात वांब येऊ लागले. पुन्हा रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन २.४ निघाले. डॉक्टरांनी केमो थांबवली. त्या रात्री आमच्या परिचारिका ताई वही-पेन घेऊन बसल्या आणि त्यांनी पहिल्याच रिपोर्टचा हिशेब मांडला. १.१ हा आकडा आजींसाठी नॉर्मल नव्हताच. पहिल्या केमोच्या आधीपासून नव्हता.

हे कसे, ते नीट समजून घेऊ. केमो चालू असलेले म्हातारे माणूस किंवा लहान मूल ज्या घरात आहे, त्या घरात हा हिशेब माहीत असायला हवा.

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंचा केर आहे. स्नायू दिवसरात्र काम करतात, त्यातून तो तयार होतो, रक्तात येतो आणि किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी कमी गाळू लागली की रक्तात केर साचतो आणि आकडा वर जातो. या तपासणीची रासायनिक रीत मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवली आणि तिचे सुधारलेले रूप आजही कित्येक लॅबमध्ये वापरले जाते. तपासणी स्वस्त आहे, कुठेही होते. ती वाईट नाही. पण तिच्यात एक खोच आहे. रक्तात केर किती आहे हे ती सांगते, केर मुळात किती तयार होतो हे सांगत नाही.

घरातल्या पाण्याच्या पिंपाचे उदाहरण घ्या. वरून नळाची धार पडते आहे, खाली तोटी उघडी आहे. जेवढे येते तेवढे जाते, म्हणून पाणी एका उंचीवर टिकून राहते. आता वरची धार निम्मी झाली आणि खालच्या तोटीत कचरा अडकून तीही निम्मी झाली, तर पाण्याची उंची तीच राहील. पिंपात डोकावणाऱ्याला वाटेल, काही बिघडलेले नाही.

म्हातारपणी नेमके हेच होते. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले बहुतेक शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी होते. चाळिशीनंतर बहुतेकांच्या गाळण्या हळूहळू कमी होत जातात. त्याच काळात दंड-मांड्यांचे मांसही उतरते. केर कमी तयार होतो आणि कमी गाळला जातो. कागदावरचा आकडा मात्र तरुणपणी होता तोच. जन्मभर धुणीभांडी केलेल्या, अर्धपोटी राहिलेल्या आपल्या आया-आज्यांचे अंग आधीच किरकोळ असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही फसगत अधिकच.

ताईंनी मांडलेला हिशेब असा. कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये एक सोपे सूत्र दिले. १४० मधून वय वजा करायचे, उत्तराला किलोतल्या वजनाने गुणायचे, मग क्रिएटिनिनला ७२ ने गुणून त्या संख्येने भागायचे. रुग्ण स्त्री असेल तर शेवटी ०.८५ ने गुणायचे. जे येते तो किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज. तरुण निरोगी माणसात तो शंभराच्या आसपास असतो.

आता एकच रिपोर्ट घ्या, क्रिएटिनिन १.१. तो २८ वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या हमाली करणाऱ्या तरुणाचा असेल तर उत्तर येते ९९. तोच आजींचा असेल तर उत्तर येते २८. लॅब तीच, कागद तोच, ‘नॉर्मल’ हा शब्दही तोच. एकाची किडनी पुरती चालू, दुसरीची पाव हिश्श्यावर.

हे सूत्र अंदाजाचे आहे, हे मान्य. ते २४९ रुग्णांवरून काढले आणि त्यात जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांसाठीचे ०.८५ हे मोजून काढलेले नाही, ठरवून घातलेले आहे. (विज्ञानातही बाईचे माप पुष्कळदा असेच अंदाजाने घेतले गेले.) शिवाय फार म्हाताऱ्या माणसात ते किडनीची ताकद आहे त्याहून थोडी कमी दाखवते. आता बऱ्याच लॅब ‘ईजीएफआर’ म्हणून एक आकडा स्वतःच छापतात. तो दुसऱ्या, नव्या सूत्रावरून काढतात. २०२१ च्या सूत्राने आजींचा आकडा ५३ येतो. पण हे सूत्र वजन विचारत नाही. ते अंगाचे क्षेत्रफळ १.७३ चौरस मीटर धरून चालते. एवढे अंग धडधाकट, मध्यम बांध्याच्या माणसाचे असते. आजींच्या सव्वा चौरस मीटर अंगाला तो आकडा बसवला तर ३८ उरतात. म्हणजे २८, ३८ की ५३ यावर डॉक्टरांनी वाद घालावा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की तिन्हींपैकी एकही आकडा ‘काही काळजी नाही’ असे म्हणत नाही. हा अंदाज ५० ते ६० च्या खाली असला की बहुतेक ठिकाणी सिस्प्लॅटिनबद्दल पुन्हा विचार केला जातो.

सिस्प्लॅटिनच का

केमोची सगळीच औषधे किडनीला सारखी जड नाहीत. सिस्प्लॅटिन मात्र त्यात अग्रभागी आहे, आणि आपल्या वस्त्यांत जे कर्करोग जास्त दिसतात, म्हणजे तोंडाचा, घशाचा, गर्भाशयमुखाचा, त्यांत ते नेहमी लागते.

हे औषध प्लॅटिनम धातूपासून बनते. त्याचा शोध अपघाताने लागला. अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. १९६५ मध्ये त्यांनी जाहीर केले की जंतूंचे विभाजन थांबते ते विजेने नव्हे, विजेच्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या पदार्थाने. पुढे माणसांवर प्रयोग झाले, गाठी विरघळल्या, पण किडन्या इतक्या बिघडू लागल्या की औषध सोडून देण्याची वेळ आली. मग औषधाआधी आणि नंतर भरपूर सलाईन द्यायची रीत निघाली, तेव्हा ते वाचले. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजही केमोच्या दिवशी तासन्‌तास सलाईन चालते, त्यात मॅग्नेशियम घालतात, ते यासाठीच. “एवढं सलाईन कशाला, लवकर काढा, शेवटची लोकल चुकेल,” असे नर्सच्या मागे लागू नका.

हे औषध किडनीवाटेच बाहेर पडते. जाताना गाळण्यांच्या पुढच्या बारीक नळ्यांच्या पेशी त्याला रक्तातून आत ओढून घेतात. तिथे ते रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठते आणि त्या पेशी मारते. दुखत काही नाही. क्रिएटिनिन वर जायला काही दिवस लागतात, कधी आठवडाही. तोपर्यंत आतले नुकसान झालेले असते.

आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. नातेवाईक सांगतात, “लघवी तर भरपूर होते आहे, म्हणजे किडनी चांगली आहे.” सिस्प्लॅटिनने बिघडलेल्या किडनीत लघवी बहुधा कमी होतच नाही. नळ्या बिघडल्यामुळे पाणी धरून ठेवता येत नाही, ते निघून जाते. त्याबरोबर मॅग्नेशियमही वाहून जाते, आणि मग पायात वांब येतात, हाताला कंप सुटतो. आजींच्या पायाचे वांब हे त्यातलेच असावेत. घरच्यांना वाटले, अशक्तपणा आहे.

वयाबरोबर आणखी काय काय येते

म्हातारपण एकटे येत नाही. त्याबरोबर साखर येते, रक्तदाब येतो, त्यांच्या गोळ्या येतात. तहान कमी लागते. घसा कोरडा पडला तरी म्हातारे माणूस पाणी मागत नाही. तोंडात फोड आले, गिळता येत नाही, वर उलट्या, म्हणजे अंगातले पाणी आणखी आटते. आटलेल्या अंगात सिस्प्लॅटिन जास्त घातक. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये सिस्प्लॅटिननंतर कोणाची किडनी बिघडण्याचा धोका जास्त हे शोधले, तेव्हा चार गोष्टी वर आल्या: वय, औषधाची मात्रा, रक्तदाबाचा आजार आणि रक्तातले अल्ब्युमिन कमी असणे. अल्ब्युमिन कमी म्हणजे बहुतेक वेळा खाणे कमी पडलेले किंवा आजार अंगात मुरलेला.

आणि दुखण्यावरच्या गोळ्या. यावर आम्ही जास्त बोलणार आहोत. आजींच्या घरी नंतर चौकशी केली तेव्हा कळले, गाल दुखतो म्हणून त्या पाच-सहा महिने डायक्लोफेनॅक घेत होत्या. आधी त्याला दाढदुखी समजत होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणायची, सकाळ-संध्याकाळ एक. डॉक्टरांनी “कुठली औषधं चालू आहेत?” विचारले तेव्हा नातवाने रक्तदाबाची गोळी सांगितली. दुखण्याची गोळी हे औषध आहे असे कोणाला वाटलेच नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारे रक्त कमी करतात. तरुण माणसाला दोन दिवस घेऊन काही होत नाही. म्हाताऱ्या किडनीला, त्यातही केमोच्या तोंडावर, त्या फार महाग पडतात. दुखणे सोसा असे आम्ही म्हणत नाही. कर्करोगाचे दुखणे सोसू नये. त्यासाठी दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून घ्यावीत. तसेच गावाकडून आणलेली भस्मे आणि काढे. “ते जडीबुटीचं आहे” म्हणून लपवू नका, पुडी दाखवा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आणखी एक कारण असते. गाठ वाढून किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी दाबते, लघवी मागे तुंबते आणि किडनी फुगते. ते क्रिएटिनिनवर उशिरा कळते, कारण दुसरी किडनी काम सांभाळून घेते. सोनोग्राफीत लगेच दिसते. सोनोग्राफी सांगितली असेल तर ती टाळू नये.

एक फसगत आमच्या लक्षात फार उशिरा आली. आम्ही लोकांना सांगत होतो, मागचा आकडा आणि आताचा आकडा ताडून पाहा, तोच असेल तर बरे. पण तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण रेडिएशनच्या काळात जेवत नाही. ५२ किलोचा माणूस दोन महिन्यांत ४४ वर येतो. त्याचे स्नायू झडतात, केर कमी तयार होतो. अशा माणसाचे क्रिएटिनिन खरे तर खाली यायला हवे. ते तेवढेच राहिले, तर ती चांगली बातमी नाही. पिंपाची धार कमी झाली आहे आणि पाणी उतरलेले नाही, म्हणजे तोटी तुंबते आहे. म्हणून रिपोर्टबरोबर वजन लिहिलेले असावे. तारीख, वजन, क्रिएटिनिन, हे तीन एकाच ओळीत.

लहान मुलांचे वेगळेच

मुलांना कर्करोग होत नाही असे पुष्कळांना वाटते. होतो, आणि वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ मुले बरीही होतात. म्हणून त्यांची किडनी पुढच्या साठ-सत्तर वर्षांसाठी सांभाळायची असते.

चार वर्षांच्या मुलीची उंची समजा १०० सेंटिमीटर आहे. तिचे क्रिएटिनिन ०.४. मुलांसाठी श्वार्ट्झ यांचे २००९ चे सूत्र वापरतात: उंचीला ०.४१३ ने गुणा आणि क्रिएटिनिनने भागा. उत्तर येते १०३, म्हणजे उत्तम. केमोनंतर तिचे क्रिएटिनिन ०.८ झाले. कागदावर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर ०.८ हा अगदी मधला, साळसूद आकडा वाटेल. सूत्रात घातला तर उत्तर ५२. निम्मी किडनी गेली आणि रिपोर्टवर तांबडी खूणसुद्धा नाही. जगभरच्या किडनीतज्ज्ञांनी २०१२ मध्ये ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे क्रिएटिनिन सात दिवसांत दीडपट झाले तरी ती किडनीला अचानक झालेली इजा मानतात. मग आकडा ‘नॉर्मल’च्या आत असो वा बाहेर. आजींच्या बाबतीत तोटी आणि धार दोन्ही कमी झाल्या होत्या. मुलीच्या बाबतीत पिंपच लहान आहे, आणि मोजपट्टी मोठ्या पिंपाची लावली जाते.

काही हाडांच्या आणि स्नायूंच्या कर्करोगांत मुलांना आयफॉस्फमाइड देतात. त्याचा घाव वेगळा असतो. गाळण्या शाबूत राहतात, पुढच्या नळ्या बिघडतात. त्यामुळे क्रिएटिनिन ठीक दिसते, पण शरीराने परत घ्यायची साखर, फॉस्फेट, क्षार लघवीतून वाहून जातात. रक्तातली साखर नीट असूनही लघवीत साखर सापडणे ही त्याची खूण. फॉस्फेट गेल्यामुळे हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, उंची खुंटते. पाच वर्षांखालच्या मुलांना हा धोका जास्त, आणि औषध संपल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही तो दिसू शकतो. म्हणून ‘मूल बरे झाले’ म्हणून तपासणीच्या तारखा सोडू नयेत. त्या औषधाबरोबर मेस्ना नावाचे दुसरे औषध देतात, पण ते मूत्राशय वाचवते, किडनी नव्हे. मुलांच्या हाडाच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेटही मोठ्या मात्रेत देतात. त्याचे खडे नळ्यांत बसू नयेत म्हणून भरपूर सलाईन देतात, लघवी आम्लरहित ठेवतात आणि रक्तातली औषधाची पातळी मोजतात. त्या दिवसांत “मूल चांगलं खेळतंय, घरी नेतो” असा हट्ट धरू नये.

मग दुसरी चांगली तपासणी नाही का? आहे. सिस्टॅटिन-सी नावाचे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात. ते मांसावर फारसे अवलंबून नसते, म्हणून अशक्त म्हाताऱ्यात ते क्रिएटिनिनपेक्षा खरे बोलते. पण स्टेरॉईड चालू असेल, थायरॉईड बिघडलेला असेल किंवा अंगात सूज असेल तर तेही चुकते, आणि केमोबरोबर उलटी थांबवायला स्टेरॉईड बहुधा असतेच. ही तपासणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. जिथे आकड्यांत घोळ आहे तिथे डॉक्टरांना “सिस्टॅटिन करता येईल का?” असे विचारायला हरकत नाही.

नळ्यांना मार बसताच लघवीत उतरणारी काही प्रथिनेही शास्त्रज्ञांना सापडली आहेत. त्यातल्या सात प्रथिनांना अमेरिका आणि युरोपच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये मान्यता दिली, ती औषधांच्या उंदरांवरच्या चाचण्यांसाठी. २०१८ मध्ये अमेरिकेने सहा प्रथिनांचा एक संच माणसांसाठी मान्य केला, पण तोही नव्या औषधांच्या चाचणीतल्या निरोगी स्वयंसेवकांपुरता. निरोगी माणसाच्या लघवीत ही प्रथिने नगण्य असतात, म्हणून थोडी वाढली तरी दिसतात. सत्तरीच्या, साखर असलेल्या, लघवीला जंतुसंसर्ग झालेल्या बाईच्या लघवीत त्यातली काही आधीच वाढलेली असतात. गोंगाट असलेल्या गल्लीत कुजबूज ऐकू यायची नाही, तसे. इथेही म्हातारी माणसे मागे राहिली आहेत.

हे सगळे वाचून कोणी केमो सोडू नये, हे आम्ही ठळक सांगतो. आजीच्या वयाकडे पाहून “आता कशाला” म्हणणारेही असतात, त्यांचेही ऐकू नये. अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षानुवर्षे त्याच माणसांच्या किडन्या तपासल्या गेल्या. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे तिसरा हिस्सा लोकांची किडनी वयाबरोबर कमी झालीच नव्हती. ७५ वर्षांचा एखादा धट्टाकट्टा माणूस पन्नाशीतल्या साखरवाल्यापेक्षा केमो जास्त चांगली पेलू शकतो. वय पाहून ठरवायचे नाही, वय धरून मोजायचे.

आणि मोजल्यावर वाटा आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर दर आठवड्याची लहान मात्रा आणि दर तीन आठवड्यांची मोठी मात्रा यांची तुलना करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठ्या मात्रेत रोग जास्त आटोक्यात राहिला, पण गंभीर त्रासही जास्त झाला. म्हणजे कोणाला कोणती मात्रा, हा प्रश्न किडनीचा अंदाज हातात असल्याशिवाय सुटत नाही. त्याच रुग्णालयाने ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही अशा ३५६ रुग्णांचा अभ्यास केला. २०२३ मध्ये त्यांनी दाखवले की नुसत्या रेडिएशनपेक्षा रेडिएशनबरोबर डोसेटॅक्सेल दिल्यास जगणाऱ्यांचे प्रमाण वाढते. काही आजारांत कार्बोप्लॅटिन चालते. ते किडनीला कमी त्रास देते, आणि त्याची मात्राच मुळी किडनीच्या गाळण्याच्या आकड्यावरून काढतात. तिथे अंदाज चुकला तर डोसही चुकतो.

घरच्यांनी करायचे ते कठीण नाही. केमो ठरली की डॉक्टरांना एवढे विचारा: “यांचं वय आणि वजन धरून किडनीचा जीएफआर किती येतो?” विचारण्यात संकोच कसला, प्रश्न योग्य आहे आणि ओपीडीत कितीही गर्दी असली तरी उत्तर द्यायला एक मिनिट लागते. शक्यतो रक्त एकाच लॅबमध्ये तपासा, कारण रीत बदलली की आकडा थोडा हलतो. आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त देऊ नका, त्यानेही क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. पाणी किती प्यायचे ते विचारून घ्या आणि बाटलीने मोजून द्या. हृदय कमजोर असेल तर जास्त पाणीही चालत नाही. उलट्या-जुलाब होऊन दिवसभर पाणी टिकले नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. ताप आला तर घरची गोळी देऊन तो दाबू नका, आधी रुग्णालयाला कळवा. सीटी स्कॅनला शिरेतून औषध घालणार असतील तर केमो चालू असल्याचे तिथेही सांगा.

आणि जुने कागद. आजींचे क्रिएटिनिन २.४ झाल्यावर नातवाने घरातली बिस्किटांची पत्र्याची पेटी उघडली. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन ०.७. तेव्हापासून ते दीडपटीहून जास्त वाढले होते, दोन्ही वेळा ‘नॉर्मल’च्या आत राहून. तो कागद केमोच्या डॉक्टरांपुढे ठेवला असता तर त्यांनी नक्की थांबून पाहिले असते. तो पेटीतच राहिला, कारण डोळ्याच्या कागदाचा गालाच्या आजाराशी काय संबंध, असे सगळ्यांना वाटले. आम्हीही मागितला नव्हता.

आजींचे रेडिएशन नुसतेच पूर्ण झाले. क्रिएटिनिन हळूहळू उतरून १.५ वर आले आणि तिथेच थांबले आहे. आजी पातळ भाकरी दुधात कुस्करून खातात, संध्याकाळी उंबऱ्याशी बसतात. मिश्री सुटली आहे, म्हणजे त्या तरी तसे सांगतात.

आम्ही वर्गणीतून एक वजनकाटा घेतला आहे, तो विहाराच्या मागच्या खोलीत ठेवला आहे. वहीत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे आता चार रकाने आहेत: तारीख, वय, वजन, क्रिएटिनिन. पुढच्या दुसऱ्या रविवारी येताना कपाटातली, ट्रंकेतली, गादीखालची सगळी जुनी रिपोर्टे आणा. बाळंतपणाची असोत, डोळ्यांची असोत, कंपनीतल्या तपासणीची असोत. चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही आणा, दुखण्यावरच्या धरून.